एक देखणा, एक नाकारलेला

शनिवारी कोड सोडून दुसरं काहीतरी वाचायचं, हा आपला नियम. सध्या घोड्यांच्या रंगांची जनुकं चालू आहेत. आणि मंडळी, विषय आम्हा प्रोग्रामर लोकांच्या अगदी जवळचा निघाला!

घोड्याच्या अंगावर रंगद्रव्यं दोनच, तांबडं आणि काळं. बाकी सगळी करामत ती कुठे येतात आणि किती फिकी होतात याची. फिकं करणारं 'क्रीम' जनुक घ्या. तांबड्या घोड्याला त्याची एक प्रत मिळाली की सोनेरी अंगाचा, पांढऱ्या आयाळीचा पालोमिनो तयार. अंग तपकिरी आणि आयाळ काळी असेल तर अंग पिवळसर होतं, आयाळ काळीच राहते. हा बकस्किन. काळ्यावर एक प्रत जेमतेम दिसते. फंक्शन एकच, इनपुट वेगळं!

दोन प्रती आल्या की मात्र घोडा सायीच्या रंगाचा, गुलाबी कातडीचा, निळ्या डोळ्यांचा होतो. तो अल्बिनो नव्हे, तब्येतीनेही ठणठणीत असतो. पण अमेरिकेतल्या क्वार्टर हॉर्स जातीच्या नोंदवहीत पालोमिनोला मान होता आणि दोन पालोमिनोंच्या पोटी सरासरी चारात एक जन्मणाऱ्या या शिंगराला जागा नव्हती. २००० नंतर कधीतरी तो नियम बदलला.

याउलट 'सिल्व्हर' जनुक. हे फक्त काळं द्रव्य फिकं करतं. काळा घोडा चॉकलेटी होतो, आयाळ रुपेरी. केंटकीच्या रॉकी माउंटन घोड्यांत या रंगाची भारी हौस. २००६ साली हे जनुक नेमकं सापडलं. पण तेच जनुक डोळेही बिघडवतं. एक प्रत असेल तर डोळ्यात गाठी येऊ शकतात, नजर बहुधा शाबूत राहते. दोन असतील तर दोष वाढतात, नजर अधू होऊ शकते. त्यात तांबड्या घोडीवर हे जनुक दिसतच नाही, कारण फिकं करायला काळं काही नसतं. अशी घोडी रुपेरी आयाळीच्या नराला दाखवली, तर सरासरी चारातल्या एका शिंगराच्या वाट्याला दोन्ही प्रती!

म्हणजे निरुपद्रवी रंगाला दार बंद आणि डोळे बिघडवणाऱ्या रंगाला मागणी. आपल्याकडेही घोडा घेताना भोवरे बघतात. बघावेत बापडे. पण जोडी जुळवण्याआधी मुळासकट चार केस उपटून चाचणीला पाठवले तर आतला हिशोब कळतो. हौस मालकाची, डोळे शिंगराचे.