ब्लू रिजच्या वाटेवर साठ आंबे

व्हर्जिनियातल्या रोनोक गावी मी पोचले ती रात्री. २०२२ची दिवाळी चार दिवसांवर आली होती. विमानतळावरून घरी जाताना दादाने समोरच्या काळ्या डोंगराकडे बोट दाखवले. माथ्यावर एक भला थोरला तारा झळकत होता. "हा आमच्या गावाचा आकाशकंदील!" दादा म्हणाला. १९४९ साली नाताळच्या हंगामापुरता म्हणून मिल माउंटनवर हा साडेअठ्ठ्याऐंशी फुटी निऑनचा तारा उभारला. हंगाम संपला, तारा राहिला. दिवाळीला भावाकडे जावे आणि कंदील आधीच लागलेला असावा, याहून चांगला शकुन कोणता?

दादाला सातारा सोडून चोवीस वर्षे झाली. एवढ्या काळात त्याने घर केले, बाग केली आणि पन्नाशीला टेकल्यावर एक मोटारसायकल घेतली. वहिनी तिला ‘धाकटी’ म्हणतात, यावरून काय ते समजावे. दूरच्या प्रवासासाठी मुद्दाम बांधलेल्या मोटारसायकलींची अमेरिकेत जुनी परंपरा आहे. हार्ले-डेव्हिडसनची इलेक्ट्रा ग्लाइड १९६५ची, होंडाची गोल्ड विंग १९७५ची. पुढे वारा अडवणारे रुंद आवरण, त्यातच रेडिओ, दोहो बाजूंना सामानाच्या पेट्या आणि मागे बसणाऱ्याला टेकायला चक्क गादी. दादाची गाडी याच कुळातली, पण तिचे गोत्र मी सांगत नाही. कारण पुढे तिच्या स्पीकरांविषयी दोन वाईट शब्द यायचे आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होताच दादा मला गॅरेजमध्ये घेऊन गेला. गाडीचे पुढचे आवरण उतरवलेले होते आणि आतल्या तारा बाहेर लोंबत होत्या.

"हे काय रे मांडले आहेस?"

"बाबांसाठी," तो म्हणाला. "बाबा फार पुटपुटतात गं."

बाबांना जाऊन तेव्हा सोळा वर्षे झाली होती. मला क्षणभर काही कळेना. मग आठवले. म्हातारपणी बाबांचा हात कापू लागला, तेव्हा त्यांनी पत्र लिहायचे सोडून कॅसेटवर बोलून दादाला पाठवायला सुरुवात केली होती. अशा अकरा कॅसेटी दादाकडे होत्या. वाजवायचे यंत्र बिघडले आणि त्या वर्षानुवर्षे खोक्यात पडून राहिल्या. त्या उन्हाळ्यात त्याने त्या फोनवर उतरवून घेतल्या आणि गाडीवरून जाताना लावू लागला. पण शब्द लागेनात. आवाज वाढवावा तर स्पीकर फाटल्यासारखे वाजत. म्हणून नवे स्पीकर आणि नवा अँप्लिफायर, असा खटाटोप चालला होता.

मी समासांचा विग्रह करणारी. तारांचा विग्रह मला काय ठाऊक? पण शिकवण्यात दादा बाबांवर गेलेला. त्याने सांगितले ते असे. अँप्लिफायरची ताकद दुप्पट केली तरी आवाज अवघा तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर ताकद सुमारे दहापट लागते. तेव्हा वॅटच्या मोठमोठ्या आकड्यांना भुलू नये. एका वॅटमध्ये अधिक आवाज देणारा स्पीकर आधी शोधावा. तो तीन डेसिबलने सरस निघाला, तर अर्ध्या ताकदीच्या अँप्लिफायरवर भागते. मोटारसायकलवर वीज मोजकीच. बारा व्होल्टांवर चारशे वॅट मागितले की तेहतीस अँपिअर ओढले जातात आणि त्याच विजेवर दिवे, इंजिनाची ठिणगी आणि थंडीत हात शेकणाऱ्या मुठीही चालायच्या असतात. त्याने आणलेला अँप्लिफायर ‘क्लास डी’ जातीचा, एखाद्या शब्दकोशाएवढा होता. हा वीज उष्णतेत फारशी दवडत नाही, म्हणून कोंदट जागेतही फार तापत नाही.

स्पीकर साडेसहा इंची, पावसाला न भिणाऱ्या प्लॅस्टिकच्या पडद्याचे. त्यांच्याकडून खर्ज मागायचा नाही. शंभर हर्ट्झखालचे सूर गाळून टाकायचे. एवढ्याशा पडद्याला खर्ज झेपत नाही, आणि वाऱ्याचा घोंघाट बहुतेक खर्जातलाच असल्यामुळे तो त्याला गिळूनच टाकतो. मुख्य तारेवरचा फ्यूज मात्र बॅटरीच्या अगदी जवळ हवा. वाटेत तार घासून उघडी पडली, तर आग लागण्याआधी फ्यूज उडाला पाहिजे.

सगळे जोडले, लावले, तर आवाज पोकळ! तासभर शोधल्यावर डाव्या स्पीकरच्या अधिक-उणे तारा उलट लागल्याचे सापडले. एक पडदा पुढे येई तेव्हा दुसरा मागे जाई, आणि दोघे एकमेकांचे भारदस्त सूर खात. त्या तारा जोडताना टॉर्च मी धरला होता, तेव्हा निम्मा दोष माझा.

शुक्रवारी वसुबारस. शिरस्त्राण घालून मी गादीला टेकले आणि आम्ही ब्लू रिज पार्कवेला लागलो. हा रस्ता ४६९ मैलांचा, म्हणजे सुमारे ७५५ किलोमीटर. १९३५ साली काम सुरू झाले, शेवटचा तुकडा १९८७ साली जोडला गेला. मालाचे ट्रक नाहीत, जाहिरातींच्या पाट्या नाहीत, आणि वेगाची मर्यादा ताशी ४५ मैल. रस्ता पोचण्यासाठी नव्हे, बघण्यासाठीच बांधला आहे. डोंगराच्या कण्यावरून तो वळत वळत जातो. ट्युलिप पॉपलर हळदीसारखे पिवळे, मेपल कुंकवासारखे लाल, आणि ओक अजून विचार करीत उभे. मधूनच कुरण लागे आणि काळ्या गाई मान वर करून आमच्याकडे पाहत. वसुबारस होती, मी चालत्या गाडीवरूनच त्यांना हात जोडले.

आणि मग माझ्या कानामागून बाबा बोलू लागले. इतके स्वच्छ, की मी दचकले. वाऱ्यावर, वळणावर, साताऱ्याच्या ओटीवरचा तो आवाज. मधूनच त्यांचा खोकला, मागे आईची भांडी. हेल्मेटमध्ये डोळे पुसता येत नाहीत, हे मला त्या दिवशी कळले.

दरी दिसेल अशा एका थांब्यावर दादाने गाडी उभी केली, इंजिन बंद केले आणि तेच पुन्हा लावले. बाबा सांगत होते, की यंदा मोहोर गळाला, परसातल्या झाडाला साठच आंबे धरले.

दादा हसला. "आठच आंबे! बिचारे झाड. पण बघ, एवढे पैसे ओतले, तरी बाबा पुटपुटतातच."

मी म्हणणार होते, ‘साठ’. पण बोलले नाही. वारा नव्हता, इंजिन बंद होते, स्पीकर नवे होते. बाबांचा ‘स’ मला तरी सुरीने कापल्यासारखा ऐकू आला होता. वर्गात मी दरवर्षी शिकवते, की शब्दाला आवाज देतो स्वर, आणि अर्थ देते व्यंजन. स, श, फ ही व्यंजने नुसत्या श्वासाची, उंच पट्टीची आणि नाजूक. दादाला बाबांचे स्वर ऐकू येत होते. व्यंजने वाटेत कुठेतरी सांडत होती. दोन दिवस मी ‘सकाळी’ म्हटले की तो "काय?" विचारत होता, ते आत्ता माझ्या ध्यानात आले.

संध्याकाळी फ्लॉइड गावात थांबलो. तिथल्या जुन्या दुकानात शुक्रवारी रात्री गाणे-नाचणे होते, आणि बाहेर फुटपाथवर माणसे खुर्च्या टाकून फिडल अन् बँजो वाजवतात. ना माइक, ना तारा. दादा पायाने ठेका धरून रमला होता. एक म्हातारा गाऊ लागला, तेव्हा त्याने माझ्याकडे वाकून विचारले, "काय गं म्हणतोय?" अमेरिकेत चोवीस वर्षे काढलेल्या माणसाला ते इंग्रजी मी सांगितले!

रात्री थंडीत परतलो. डोंगरावरचा तारा दिसला तरी माझ्या तोंडून शब्द निघेना. थोरल्या भावाला, आणि तेही त्याच्या लाडक्या छंदाविषयी, हे सांगावे कसे?

भाऊबीजेला मी ओवाळले. दादाने हात खिशाकडे नेला. "बोल, काय हवे ओवाळणीत?"

"तुझे कान," मी म्हटले, आणि आंब्यांची गोष्ट सांगितली.

तो बराच वेळ निरांजनाकडे पाहत बसला. मग हळूच म्हणाला, "पंच्याऐंशी डेसिबलला आठ तास. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. महामार्गावर हेल्मेटमध्ये वारा शंभराच्या आसपास जातो, म्हणजे पाव तास. हे सगळे मला पाठ आहे गं." बॅटरीजवळ फ्यूज आठवणीने लावणाऱ्या माझ्या इंजिनीअर भावाने आपल्या कानांना मात्र फ्यूज लावला नव्हता.

तपासणीत आलेख चार हजार हर्ट्झपाशी खोल घसरलेला निघाला. कानाच्या आतल्या त्या बारीक केसाळ पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. राहिल्या आहेत त्या जपायच्या. त्यात वाऱ्याचा वाटा किती आणि वयाचा किती, हे डॉक्टरांनाही वाटून देता आले नाही. आता गाडी काढताना दादा फोमचे बोळे कानांत घालतो. वारा आणि गाणे दोन्ही हलके होतात, पण कान भांबावत नाही, त्यामुळे शब्द उलट जास्त लागतात. एरवी श्रवणयंत्र लावतो. गाडी विकावी, असे मी म्हटले नाही, आणि नवल म्हणजे वहिनीही म्हणाल्या नाहीत.

पुढच्या फाल्गुनात एका पहाटे फोन वाजला. ‘हॅलो’ नाही, ‘कशी आहेस’ नाही.

"साठच म्हणतात गं बाबा," दादा म्हणाला. "साठ."