श्रावणात काय लावावे? बार्शी रस्त्यावरची एक फेरी



कोल्हापूर-साताऱ्याकडचा पाहुणा श्रावणात सोलापूरला आला म्हणजे बुचकळ्यात पडतो. त्याच्याकडे या दिवसांत बांधावर पाऊल ठेवायला कोरडी जागा नसते. इथे बार्शी रस्त्याला लागावे तर दोन्ही बाजूंना काळी, उघडी राने. कुळवून ठेवलेली, तण काढलेली, पण पेरलेली नाहीत. मधेच तुरीचा पट्टा, कुठे उडीद, कुठे सोयाबीन. नान्नज जवळ आले की द्राक्षाचे मांडव. बाकी सारे काळे. पाहुणा विचारतो, "यांनी पेरलं का नाही?" त्याला सांगावे लागते की बाबा, हे रान रिकामे नाही, पाणी पीत बसले आहे. उत्तरा-हस्ताला त्याच्यात ज्वारी पडायची आहे.

आपल्या जिल्ह्याचे हे गणित तुम्हाला मी सांगायला नको. वर्षाचा पाऊस बेताचाच, आणि त्यात सर्वांत भरवशाचा महिना सप्टेंबर. मृग हुलकावणी देतो, आश्लेषा-मघा कोरड्या जातात, आणि मग उत्तरा एका रात्रीत ओढे भरून टाकते. हे समजून घेण्यासाठीच 1933 साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले. बांध घाला, वरचेवर कुळवा, ओल जमिनीत मुरवा आणि मग रब्बी पेरा, हे कानिटकरांसारख्या संशोधकांनी इथल्याच मातीवर तपासून सांगितले. मोहोळची मालदांडी 35-1 ज्वारी आजही आपल्या तोंडी आहे.

पण आज मला त्या काळ्या रानाविषयी बोलायचे नाही. त्या रानात मधे मधे विहिरीभोवती जे हिरवे तुकडे दिसतात, पाच गुंठ्यांचे, दहा गुंठ्यांचे, त्यांच्याविषयी बोलायचे आहे. श्रावण-भाद्रपदात त्या तुकड्यात काय लावले, यावर घरातली दिवाळी कशी जाणार हे ठरते. आणि हा तुकडा बहुतेक घरांत बायकांच्या हातात असतो. म्हणून भगिनींनो, हे मुख्यतः तुमच्यासाठी.

मार्डीच्या अलीकडे रस्त्यापासून आत एक वस्ती आहे. तिथल्या एका वहिनींकडे मी नोकरीच्या निमित्ताने अनेक वर्षे जात आलो. घरची सहा एकर कोरडवाहू, एक विहीर, आणि विहिरीच्या पाण्यावर जेमतेम दहा गुंठे भिजणार. 2007 साली मी त्यांना झेंडू लावायला सांगितले. रोपे 10 ऑगस्टला लावली, महिन्याने शेंडे खुडले, आणि दसरा 21 ऑक्टोबरला होता, त्याच्या दोन-तीन दिवस आधी तुकडा असा पिवळा झाला की रस्त्यावरून दिसे. फुले सोलापूरला मधल्या मारुतीच्या बाजारात गेली. आलेल्या पैशांतून ज्वारीचे बी, औताचे भाडे, पोरांचे कपडे, सगळे निघाले. मी खूश. माझ्या डायरीत तारीख ठळक लिहून ठेवली.

पुढच्या वर्षी मी त्याच तारखेला जाऊन उभा राहिलो. "वहिनी, गेल्या सालासारखंच करा." त्यांनी तसेच केले. रोपे 10 ऑगस्टला, शेंडे महिन्याने. आणि 2008 चा दसरा आला 9 ऑक्टोबरला! त्या दिवशी झाडांवर हिरव्या कळ्यांशिवाय काही नव्हते. फुले आली ती अठरा-एकोणीस तारखेला. दिवाळी 28 ला होती, तेव्हा माल विकला गेला, नाही असे नाही. पण दिवाळीला सगळ्यांचाच झेंडू असतो, भाव पडला. आणि खरी अडचण निराळीच होती. ज्वारी पेरायला पैसा दसऱ्याला हवा होता. तो हातात आला दिवाळीनंतर, तोवर रानातली ओल खाली गेली. त्या साली त्यांची ज्वारी गुडघ्याच्या वर फारशी गेली नाही. कडबा पुरला नाही आणि उन्हाळ्यात एक म्हैस विकावी लागली.

मी भेटायला गेलो तेव्हा त्या चिडल्या नाहीत. चहा ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, झाडाला काय ठावं दसरा कवा हाय ते. तुमाला तरी ठावं असाया पायजे हुतं."

बी.एस्सी.ची पदवी घेतलेल्या माणसाला हे सुचू नये याची मला आजही लाज वाटते. आपली नक्षत्रे सूर्याच्या चालीवर असतात. म्हणून मृग दरवर्षी जूनच्या सात-आठ तारखेला निघतो. सण मात्र चंद्रावर. चंद्राचे बारा महिने वर्षापेक्षा अकरा दिवसांनी कमी भरतात, म्हणून दसरा दरसाल मागे सरकतो आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी घेतो. 2022 ला तो 5 ऑक्टोबरला होता, 2023 ला अधिक श्रावण आला आणि दसरा गेला 24 ऑक्टोबरला, 2024 ला 12 ला, 2025 ला 2 ऑक्टोबरला. बावीस दिवसांचा फरक! तेव्हा झेंडूची तारीख डायरीत नाही, पंचांगात शोधायची.

मोजायचे ते मागे. मोठ्या झेंडूचे रोप वाफ्यात पंचवीस दिवस राहते. शेतात लावल्यापासून फुले सुरू व्हायला साधारण दोन महिने. शेंडा खुडला की झाड पसरते, फुले जास्त येतात, पण आठ-दहा दिवस उशीर होतो. हे दिवस मोजायला विसरू नका. लागवडीला उशीर झालाच असेल तर शेंडा खुडूच नका, फुले थोडी कमी आली तरी वेळेवर येतील. दसरा लवकर असेल त्या वर्षी रोपे जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शेतात हवीत. ती वेळ चुकली तर दसऱ्याचा हट्ट सोडा आणि दिवाळीचा हिशोब करा. सगळा तुकडा एका दिवशी लावू नका. दोन फूट बाय दीड फुटावर एका गुंठ्यात साधारण पावणेचारशे रोपे बसतात. निम्मी आज, निम्मी बारा दिवसांनी. दसऱ्यानंतर कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला माणसे पायी लोटतात, पुढे पंढरपूरची कार्तिकी. फुलाला गिऱ्हाईक दसऱ्याच्या संध्याकाळी संपत नाही.

आता शेवंती. श्रावणात ती नव्याने लावण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे मत. रात्री मोठ्या होऊ लागल्या की शेवंती कळी धरते, झाड केवढे आहे हे ती पाहत नाही. उशिरा लावलेले झाड वीतभर असतानाच फुलते आणि हारात चार फुले जातात. त्यापेक्षा ॲस्टर बरा. राहुरीच्या विद्यापीठाच्या 'फुले गणेश' जाती पांढऱ्या, गुलाबी, जांभळ्या रंगांत मिळतात. त्याला मात्र बी ताजेच हवे. मागच्या सालचे उरलेले बी कुणी फुकट दिले तरी घेऊ नका, उगवणार नाही.

भाजीकडे वळू. आपल्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, तेव्हा सोळा भाज्यांची जमवाजमव सुरू होते, आणि ज्याच्या परसात काही नाही तो बाजारात मागेल तो भाव देतो. त्याच्या आसपास ऋषिपंचमी, तेव्हा बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून परसातला अळू, माठ, चवळी. आपल्या आज्यांनी परसबाग चालू राहावी म्हणूनच हे व्रत जपले असेल की काय, असे मला कधी कधी वाटते. तांबड्या भोपळ्याचा वेल या सणांसाठी मृगातच टोकायला हवा. आता हळहळून उपयोग नाही. पण भेंडी आणि गवार नागपंचमीच्या आत टोकली तर पितृपंधरवड्यात तोडे सुरू होतात, आणि त्या पंधरवड्यात या भाज्यांना मागणी असतेच. भेंडीवर केवडा येतो, पाने पिवळी जाळीदार पडतात. असे झाड दिसले की दया न दाखवता उपटा. पांढरी माशी तो रोग पुढच्या झाडावर नेते.

कोथिंबिरीचे धणे चपलेने रगडून दोन फाके करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. मेथीची घाई करू नका. भारी काळ्या रानात सपाट वाफ्यावर मेथी टाकली आणि उत्तरा कोसळली की दोन दिवसांत पिवळी पडून कुजते. पालेभाजी वरंब्यावर घ्या, किंवा पाऊस ओसरू द्या.

कांद्याचा विषय निघाला की सगळे कान टवकारतात, कारण सिद्धेश्वर बाजार समितीतल्या कांद्याच्या गाड्या सर्वांनी पाहिलेल्या असतात. रांगड्या कांद्याचे बी ऑगस्टच्या मध्यापासून गादीवाफ्यावर टाकावे, सहा-सात आठवड्यांनी रोप लावावे, कांदा जानेवारी-फेब्रुवारीत निघतो. फुले समर्थ ही जात या हंगामाला चालते. पण रांगडा कांदा चाळीत टिकत नाही. निघाला की विकावाच लागतो, मग भाव दहा असो की दोन. विहिरीवरचा सगळा तुकडा कांद्याला देऊन बसणाऱ्या घरात मी जानेवारीच्या गड्ड्याच्या यात्रेत हसणारी माणसे पाहिली आहेत आणि रडणारीही. दोन-तीन गुंठे लावा, घरचे भागेल, उरला तर विका.

टोमॅटो लावणार असाल तर त्याच्या चौदा ओळींना झेंडूची एक ओळ द्या. झेंडूची रोपे टोमॅटोच्या पंधरा-वीस दिवस आधी टाकलेली हवीत, म्हणजे दोन्हींना फूल एका वेळी येते. हिरव्या बोंडअळीचा पतंग टोमॅटो सोडून झेंडूवर अंडी घालतो. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीलाही झेंडू मानवत नाही, म्हणून डाळिंबाच्या बागेत कडेने झेंडू लावलेला तुम्ही पाहिला असेल.

आणि चर काढा. आज श्रावणात विहिरीचा तळ दिसतो म्हणून चर कशाला, असे वाटेल. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला आणि नदीकाठच्या गावांची उभी पिके पाण्याखाली गेली, ते आठवा. तेवढ्या पुरापुढे कुणाचेच चालत नाही. पण नदीपासून लांबच्या रानातही तुंबलेल्या पाण्यात झेंडूचे मूळ दोन दिवसांत सडते. तुकड्याच्या खालच्या अंगाला हातभर खोल चर असला तर नेहमीच्या उत्तरेत पीक उभे राहते. एका माणसाचे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

मागच्या फेरीत मी त्या वस्तीवर गेलो होतो. वहिनी आता थकल्या आहेत, तुकडा सुनेकडे आहे. दाराच्या आत खिळ्याला पंचांग टांगलेले, त्यात दसऱ्यावर पेन्सिलीने गोल, आणि तिथून मागे मोजत आलेल्या बारीक रेघा. मी रोपांचा विषय काढण्याआधीच सून म्हणाली, "भाऊजी, झेंडूचं आमचं ठरलंय. ते ॲस्टरचं ताजं बी कुठं मिळतंय तेवढं सांगा." बियाण्याच्या पुडीवरची तारीख कशी वाचायची ते मी तिला दाखवले. तोवर बार्शीकडून एस.टी. येताना दिसली, आणि निघालो.