बरं वाटत असतानाचा पंप

ॲलर्जीला मराठीत ‘वावडं’ असा नेमका शब्द आहे. मला तो आवडतो. पण दमा आणि बारमाही सर्दी सोबत घेऊन इतकी वर्षं काढल्यावर वाटू लागलंय की आपल्या उपचारांतला घोळ या शब्दापाशीच सुरू होतो. कोणाला धुळीचं वावडं, कोणाला कोळंबीचं, कोणाला उदबत्तीच्या धुराचं. वाक्याची ठेवणच अशी की दोष वस्तूच्या माथी जातो. मग उपाय म्हणजे ती वस्तू टाळायची, आणि टाळूनही त्रास झाला तर तेवढ्यापुरती गोळी घ्यायची. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला, तेव्हा त्यांच्या मनात वस्तू नव्हती. शरीराचा बदललेला प्रतिसाद होता. एका सतरंजीवर दहा जण बसतात, धूळ दहाही जणांच्या नाकात जाते, शिंका मात्र एकालाच येतात. बिघाड त्या एकाच्या शरीराच्या समजुतीत आहे, आणि धूळ झटकली तरी ती समजूत झटकली जात नाही. म्हणून माझं म्हणणं असं की श्वसनाच्या ॲलर्जीचा खरा उपचार बरं वाटत असतानाच्या दिवसांत होतो, आणि आपण नेमके तेच दिवस वाया घालवतो.

हे म्हणणं शरीराच्या कारभारातूनच येतं. ज्याला ॲलर्जी आहे त्याचं शरीर निरुपद्रवी गोष्टीविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. ती मास्ट पेशींवर दबा धरून असतात. धूळ आली की काही मिनिटांत हिस्टामिन सुटतं आणि शिंका, खाज, पाणी सुरू होतं. सेटिरिझिनसारखी गोळी या हिस्टामिनला अडवते, म्हणून ती गुणकारी वाटते. पण काही तासांनी दुसरी लाट येते. इतर पेशी जमतात, श्वासनलिकेचं अस्तर सुजतं आणि ही सूज धाप थांबल्यावरही मागे राहते. धाप लागल्यावर घेतलेला साल्बुटामॉलचा पंप नळीचे आवळलेले स्नायू सैल करतो, सुजेला हात लावत नाही. सूज उतरवतं ते रोज थोडं थोडं ओढायचं स्टेरॉइड, आणि त्याचा पूर्ण गुण यायला दिवस-आठवडे जातात. दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या ‘जीना’ या जागतिक संस्थेने २०१९ पासून मोठ्या माणसांना आणि किशोरवयीनांना नुसत्या साल्बुटामॉलवर ठेवू नये असं स्पष्ट सांगितलं, ते याच कारणाने. त्याच वर्षीच्या जागतिक रोगभाराच्या अंदाजात जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात होते, पण दम्याच्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांहून अधिक भारतातले होते. या तफावतीला निदानातला उशीर आणि हवेचं प्रदूषण यांसारखी कारणं आहेतच. पण ज्या देशात रोजचा पंप फार थोडे रुग्ण घेतात, तिथे या आकड्यांचं मला आश्चर्य वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप घराघरांत तयार असतो: पंपाची सवय लागते, आणि त्यात स्टेरॉइड असतं. सवयीचं म्हणाल तर रोज लागणारी प्रत्येक गोष्ट व्यसन नसते. चष्म्याला कोणी व्यसन म्हणत नाही. सवय लावणारं औषध बघायचं असेल तर चोंदलेलं नाक मिनिटात मोकळं करणारे थेंब बघा. आठवडाभराहून अधिक वापरले तर त्यांच्यामुळेच नाक पुन्हा चोंदतं. तरी दुकानातून ते बिनधास्त आणले जातात आणि पंप मात्र, विशेषतः लग्नाच्या मुलीचा, पर्सच्या तळाशी लपवला जातो. स्टेरॉइडची भीती मात्र निराधार नाही. ब्युडेसोनाइड या पंपातल्या स्टेरॉइडच्या एका झुरक्यात बहुधा १०० ते २०० मायक्रोग्रॅम औषध असतं. प्रेडनिसोलोनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम. दोन्ही रेणूंची ताकद सारखी नाही, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नव्हे. पण एक औषध बहुतांशी फुप्फुसात काम करतं आणि दुसरं सगळ्या अंगभर फिरतं, हा फरक मोठा आहे. पंपामुळे तोंडात बुरशी येऊ शकते, म्हणून चूळ भरायची. लहानपणी बरीच वर्षं घेतलेल्या मुलांची उंची साधारण एक सेंटिमीटरने कमी राहिल्याचंही अमेरिकेतल्या दीर्घ अभ्यासात दिसलं आहे. ही किंमत खरी आहे. पण रोजचा पंप टाळणाऱ्याला झटक्यागणिक गोळ्यांचा कोर्स घ्यावा लागतो, आणि त्याच्या पोटात शेवटी जास्त स्टेरॉइड जातं.

दुसरा आक्षेप पथ्याचा. कारणच टाळलं तर औषध कशाला? धुळीतल्या ॲलर्जीचं मोठं कारण असलेला सूक्ष्म कोळी नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या संशोधकांनी १९६४ मध्ये दाखवून दिला. तो जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटरचा, आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतो आणि पाणी हवेतून शोषतो. म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यात गाद्या-गोधड्या त्याला नंदनवनच. आणि दिवाळीपूर्वी त्या झटकल्या की पावसाळाभर साठलेलं सगळं नाकात. चादरी ५५-६० अंश तापमानाच्या पाण्यात धुवाव्यात, झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावं, भिंतीची ओल काढावी, हे सगळं मी मानते आणि करते. पण ब्रिटनमध्ये ११२२ प्रौढ दमेकऱ्यांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गादी-उशांना कोळीरोधक खोळी घालून काहीही फरक पडला नाही. पुढे २०१७ मध्ये इंग्लंडमधल्याच मुलांवरच्या चाचणीत तशा खोळींनी जोरदार झटक्यांसाठी रुग्णालयात जाण्याचं प्रमाण कमी झालं, हेही नोंदवायला हवं. त्यामुळे पथ्य निरर्थक आहे असं मी म्हणणार नाही. ते औषधाच्या जोडीला उभं राहतं, औषधाच्या जागी नाही. आणि पथ्य अंगावरही येऊ शकतं. लंडनमध्ये ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० तान्ह्या मुलांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेंगदाणा टाळणाऱ्यांपेक्षा लवकर खाऊ लागलेल्या मुलांत पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी खूपच कमी आढळली. दही, केळं, भात, लिंबू अशी संशयितांची यादी वाढवत नेऊन मुलाचं ताट रिकामं करणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावं.

मात्र काही ठिकाणी टाळणं हाच उपचार असतो, आणि तिथे माझा युक्तिवाद कोणी लावू नये. कोळंबीने, शेंगदाण्याने किंवा एखाद्या इंजेक्शनने ज्याचा घसा आवळला आहे, त्याने ‘थोडंसं खाऊन बघतो’ म्हणायचं नसतं. २०२० च्या नियमांनुसार पाकिटबंद पदार्थांवर दूध, अंडं, मासे, शेंगदाणे, सोयाबीन, ग्लुटेनयुक्त धान्यं यांचा उल्लेख करणं आपल्याकडे बंधनकारक आहे. ती बारीक अक्षरं अशा माणसासाठीच असतात. अंगावर पित्त उठलं की आपण आमसूल चोळतो. नुसती खाज असेल तर चोळा. पण पित्ताबरोबर आवाज बसला, श्वास लागला किंवा भोवळ आली तर आमसूलही नको आणि गोळीची वाट बघणंही नको. तिथे मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, आणि ते मिळेल अशा दवाखान्याकडे तत्काळ धाव, एवढंच खरं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत मोहाचा: हे सगळं वरवरचं आहे, रोग मुळापासून जायला हवा. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला त्यातलाच. पण ॲलर्जीत प्रतिकारशक्ती दुबळी नसते, चुकीच्या दारावर लाठ्या मारत असते. तिला आणखी बळ देऊन काय साधणार? कोजागरीच्या रात्री खिरीतून दिलं जाणारं दम्याचं औषध घ्यायला लोक आशेने लांबून येतात. त्या आशेची मी थट्टा करणार नाही, कारण एका रात्रीत सुटका व्हावी असं प्रत्येक दमेकऱ्याला वाटतं. मला एवढंच दिसतं की दमा आपोआपही चढतो-उतरतो, आणि उतरतीच्या काळात जे घेतलं त्याला श्रेय मिळतं. मुळाच्या जवळपास जाणारा उपचार आज एकच आहे. ज्याची ॲलर्जी आहे तोच पदार्थ सूक्ष्म मात्रेपासून वाढवत टोचायचा किंवा जिभेखाली द्यायचा. लिओनार्ड नून यांनी लंडनमध्ये १९११ साली परागकणांच्या बाबतीत हे मांडलं. हा उपचार प्रत्येकाला लागू पडत नाही, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावा लागतो आणि साधारण तीन ते पाच वर्षं चालतो. म्हणजे मुळापर्यंत जाणारी वाटही शेवटी नेमाचीच मागणी करते.

खर्चाच्या आक्षेपापुढे मात्र मी थोडी नमते. ब्युडेसोनाइड आणि साल्बुटामॉल दोन्ही राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. पण यादीत असणं वेगळं आणि तालुक्याच्या दुकानात महिन्याच्या महिन्याला परवडणं वेगळं. ती लढाई रुग्णाने एकट्याने लढायची नाही. रुग्णाच्या हातात आहे ते एवढंच: तहान लागल्यावर विहीर खणू नये. डॉक्टरांनी रोजचा पंप दिला असेल तर छाती मोकळी आहे म्हणून तो परस्पर बंद करू नका. कमी करायचा असेल तर त्यांना विचारून, पायरीपायरीने करा. पुढच्या भेटीत त्यांच्यासमोर एकदा पंप ओढून दाखवा, कारण चुकीच्या पद्धतीने ओढलेलं औषध घशातच राहतं. आणि दिवाळीची झाडलोट घरातल्या ज्याला शिंका येत नाहीत त्याच्याकडे द्या.