मोटारसायकलची नवी बैठक

सुख म्हणजे मऊपणा, अशी आपणां सर्वांची समजूत असते. ती पुरती खरी नाहीं, हें गतवर्षीं आमच्या मोटारसायकलनें मला शिकविलें.

पुणें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें; आतां तें मोटारसायकलींचें व स्कूटरांचें झालें आहे. आमच्या घरीं बजाज कंपनीची ॲव्हेंजर आहे. आजोळ कोल्हापुरास, सुमारें २३० किलोमीटर दूर. आजी अंथरुणास खिळल्यापासून वडील दर पंधरवड्यास आईला गाडीवरून तिकडे नेऊं लागले. साताऱ्याच्या पुढें वाऱ्याचा मारा सोसून वडिलांचे खांदे आंखडत, आणि आईला बैठकीवर बसवेनासें होई. परत आल्यावर ती दोन दिवस कंबर धरून वावरे. पुढें पुढें "या खेपेस नकोच," असें ती म्हणूं लागली. आजी मात्र तिची वाट पाहत असे.

अखेरीस वडील व मी नाना पेठेंत गेलों. तेथें दुचाकींच्या सुट्या भागांचीं पुष्कळ दुकानें आहेत. वडिलांनीं सर्वांत उंच विंडशील्ड पसंत केलें. दुकानदार अनुभवी होता. त्यानें त्यांस गाडीवर बसवून समोर पाहण्यास सांगितलें व म्हटलें, "वरची कड नाकाच्या रेषेंत पाहिजे. नजर काचेवरून जावी, काचेंतून नव्हे. रात्रीं पावसांत काचेंतून धड दिसत नाहीं." वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याचा रेटा चौपट होतो, हें आम्हीं वर्गांत शिकलों होतों. तो रेटा छातीवर येऊं न देतां वळवावयाचा, एवढेंच त्या काचेचें काम.

नंतर आम्हीं बैठकीच्या कारागिराकडे गेलों. "भरपूर मऊ करा," वडील म्हणाले. तो हंसला. "साहेब, मऊ सीट शिरवळपर्यंत सुखाची. मग फोम दबतो आणि सगळा भार दोन हाडांवर येतो. घट्ट फोम भार पसरवून घेतो." मग त्यानें विचारलें, "मागें कोण बसतं?" आई बसते, असें कळतांच तो म्हणाला, "मग त्यांना आणा."

दुसरे दिवशीं आई आली. "ताई, नेमकं कुठें दुखतं?" असें त्यानें तिला विचारलें. मागची बैठक पुढें उतरती असल्यामुळें प्रत्येक ब्रेकला आपण घसरतों, व हातांनीं तोल सांवरून धरावा लागतो, असें तिनें सांगितलें. हें ती घरीं कधीं बोलली नव्हती. कारागिरानें तो उतार काढला व घट्ट फोम बसविला. मात्र वडिलांचे पाय जमिनीवर पुरते टेकावेत म्हणून पुढची उंची वाढूं दिली नाहीं.

वाट तेवढीच आहे. थकवाही येतो, आणि तासा-दीड तासानें थांबावें लागतेंच. पण आई पुन्हां नेमानें जाऊं लागली. मे महिन्याच्या सुटींत मी आजोळीं होतों. आजीच्या पाठीशीं उशी ठेवण्यापूर्वीं आई हात थांबवून विचारी, "कुठें ठेवूं?" मऊ उशा घरांत पुष्कळ होत्या; त्यांतली कोणती व कोठें, हें मात्र आजीच सांगूं शकत होती.