एक जुहर, दोन घड्याळे

बालीतील डेनपसारहून सकाळी बिस्मिल्लाह म्हणून आम्ही तिघे बसमध्ये बसलो. पाठीवर एकेक पिशवी, तेवढेच सामान. चार तासांनी गिलीमानुक बंदर आले आणि बस थेट फेरीबोटीच्या पोटात शिरली. प्रवासी उतरून वरच्या डेकवर गेले.

वर गेल्यावर छातीत धस्स झाले. पासपोर्टची थैली सीटवरच राहिली होती! आम्ही खाली धावलो, तर सगळ्या बसगाड्या एकसारख्या. आमची सापडली, पण सीट रिकामी. परदेशात आता काय करायचे? लेक रडू लागली.

जड पावलांनी वर आलो, तर मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाई थैली हातात धरून आम्हालाच शोधत होत्या. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्यांना. पण ‘अल्हम्दुलिल्लाह’ दोघींच्याही तोंडून एकदमच निघाले.

बोटीवरच्या नमाजच्या जागेत त्यांच्या शेजारी उभे राहून जुहरची कसर अदा केली. तासाभरात जावाचे केतापांग बंदर आले. बालीपेक्षा जावाची वेळ एक तास मागे, म्हणून मोबाइलमध्ये पुन्हा साडेबारा वाजले. लेकीने विचारले, “अम्मी, आता परत जुहर पढायची?”

आम्ही हसलो. “नाही बेटा, घड्याळ मागे गेले, सूर्य नाही. अदा झालेली नमाज अदाच झाली.”

पुढे सुराबायापर्यंत दिवसभराची बस होती. थैली मात्र आता लेकीच्या गळ्यात होती.