हस्तघ्न

हिंगोलीचा दसरा मराठवाड्यात नावाजलेला आहे. तथापि आमच्या घरी त्याच्या आदल्या दिवशीची खंडेनवमीच अधिक मनोभावे पाळली जाते. शस्त्र म्हणावे असे आमच्याकडे काहीच नाही. विळी, अडकित्ता, शिवणाचे यंत्र आणि माझी जुनी शाईची लेखणी यांसच गंधफूल वाहावयाचे, हा वडिलांपासूनचा परिपाठ. गेल्या वर्षी मात्र या पूजेस खरोखरीचा शस्त्रधारी लाभला. माझा पुतण्या सशस्त्र पोलिसांच्या एका दलात शिपाई आहे. तो त्या दिवशी रजेवर आला. परंतु तीर्थास त्याने हात पुढे केला तेव्हा डावा तळहात पट्टीने गुंडाळलेला दिसला.

"अरे, हे काय?" वहिनींनी, म्हणजे त्याच्या मातोश्रींनी, विचारले.

"काही नाही आई. गोळीबाराच्या सरावात हँडगार्ड निसटला. थोडे भाजले." इतके बोलून त्याने माझ्याकडे ओझरते पाहिले व मान खाली घातली. त्या पाहण्याचा अर्थ मजवाचून कोणासच कळला नाही.

ज्या वाचकांनी रायफल केवळ संचलनात पाहिली असेल, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रायफल धरताना उजवा हात चापाशी आणि डावा हात पुढे नळीखाली असतो. लागोपाठ वीस गोळ्या सुटल्या की ती पोलादी नळी उघड्या हाताने धरवत नाही. म्हणून डावा हात जेथे येतो तेथे नळीभोवती लाकडाचे किंवा प्लास्टिकचे वेष्टन बसवितात. तोच हँडगार्ड.

ही कल्पना आपल्यास नवी नव्हे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील पंचाहत्तराव्या सूक्तात धनुष्य, बाण, भाता, कवच यांचे वर्णन आहे. त्यातच 'हस्तघ्न' आलेला आहे. सर्पाने वेटोळे घालावे तसा तो धनुर्धराच्या बाहूस वेढतो आणि प्रत्यंचेचा तडाखा स्वतः झेलतो. शत्रूच्या बाणाशी त्याचे काही कर्तव्य नाही. योद्ध्याचे स्वतःच्याच शस्त्रापासून रक्षण करणे, एवढेच त्याचे काम.

आमच्या आळीत शस्त्रदुरुस्तीच्या कामावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. दलात अशांस आर्मरर म्हणतात. सायंकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो. पुतण्याच्या हाती स्वयंभर रायफल, म्हणजे एसएलआर, असते. प्रत्येक गोळीस चाप एकदा ओढावा लागतो. पुढील गोळी मात्र आपोआप भरली जाते. गोळीमागच्या वायूचा थोडा अंश नळीतील छिद्रातून वर घेऊन त्याच्या जोरावर दट्ट्या मागे लोटतात, आणि हे काम होते. त्यामुळे हँडगार्डाच्या आत नुसती नळीच नव्हे, तर तापणारी वायुनलिकाही येते.

"हँडगार्ड निवडायचा तर आधी रायफलीचं कूळ विचारावं, गुरुजी," ते म्हणाले. या रायफलीचे कूळ मौजेचे आहे. मूळ बेल्जममधील एफएन कारखान्याची 'फाल' रायफल. ब्रिटिशांनी 1954 साली ती स्वीकारली, पण मिलिमीटरची मापे बदलून इंचांत आखली. भारताने 1962 च्या युद्धानंतरच्या काळात ईशापूरच्या कारखान्यात आपली '1ए1' बनविली. तीत काही अंग बेल्जमचे, काही ब्रिटिशांचे, काही आपले स्वतःचे. तिन्ही रायफली टेबलावर ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटाव्यात. परंतु एकीचा हँडगार्ड दुसरीस सरळ बसेल, असे कोणी धरून चालू नये.

पुतण्याच्या बाबतीत असेच घडले होते. जुना लाकडी हँडगार्ड चिरला, म्हणून बाहेरून घेतलेला, मूळ कारखान्याचा नसलेला प्लास्टिकचा जोड बसविला गेला. दिसण्यात तो जुन्यापेक्षा देखणा होता. बसण्यात किंचित आखूड होता.

आर्मररांनी परीक्षेची रीत सांगितली. नवा जोड प्रथम स्क्रू न आवळता हातानेच बसवून पाहावा. पुढची व मागची, दोन्ही टोके आपापल्या खाचेत पुरती टेकली पाहिजेत. जो केवळ स्क्रूच्या बळावर उभा राहतो तो बसलेला नव्हे, बांधलेला. मग नळी व वेष्टन यांत हवेला वाट राहते किंवा नाही ते पाहावे. उष्णता कोंडली तर वेष्टन असून नसल्यासारखे. दट्ट्याची हालचाल मोकळी आहे ना, तेही तपासावे. शेवटी थोड्या गोळ्या झाडून तापल्यावर पुन्हा हात लावावा. थंड असता घट्ट बसणारी वस्तू तापल्यावर ढिली होते. आणि जो जोड कानस लावल्याखेरीज किंवा चिकटपट्टी गुंडाळल्याखेरीज बसत नाही, तो परत करावा.

माझ्या भाच्याचा मुलगा अमेरिकेत असतो. तेथे एआर जातीच्या स्वयंभर रायफली सामान्य नागरिकही विकत घेतात. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यामुळे तसे शस्त्र सामान्य गृहस्थाच्या वाट्यास सहसा येत नाही. तिकडे निरनिराळ्या कारखान्यांच्या हँडगार्डांनी दुकाने भरलेली असतात. काही तर नळीस मुळीच न टेकता केवळ मुळाशी पकडलेले असतात, जेणेकरून हाताचा दाब नळीवर येऊन नेम ढळू नये. त्यालाही मी फोनवर विचारले. तो म्हणाला, "आजोबा, आधी वायूचे छिद्र नळीवर कुठे आहे ते मोजतात. त्यावरून लांबी ठरते. रंग आणि रूप नंतर." भूमी निराळी, नियम तोच.

आता त्या ओझरत्या पाहण्याविषयी. श्रावणात पुतण्याचा फोन आला होता. वडीलबंधू निवर्तल्यापासून तो मलाच विचारतो. "काका, नवा हँडगार्ड डुलतो. वरिष्ठांस लेखी कळवू का?" मी उत्तरलो, "एवढ्याशा तुकड्यासाठी त्यांच्या डोळ्यांवर कशाला येतोस? जुळवून घ्यावे." त्याने जुळवून घेतले. वर पट्टी गुंडाळली. सरावात ती वितळली, जोड सरकला, आणि तळहात नळीवर पडला.

आर्मररांपुढे मी हे कबूल केले. ते सरळ मनाचे गृहस्थ. म्हणाले, "गुरुजी, इथं जुळवून घेणं चालत नाही. जुळलंच पाहिजे. चार ओळी लिहून दिल्या असत्या, तर जोड बदलायला कितीसा वेळ?"

घरी येऊन वहिनींसही सांगितले. मला वाटले, रागावतील. त्या तांदूळ निवडीत होत्या, निवडता निवडताच म्हणाल्या, "भावोजी, मी या घरात नवी होते, तेव्हा चुलीच्या धुराने डोळे झोंबतात, धुराडे करून द्या म्हटले होते. तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात. धुराडे व्हायला दहा वर्षे लागली."

मजजवळ उत्तर नव्हते. चाळीस वर्षे मी विद्यार्थ्यांस, सुनांस, धाकट्यांस 'जुळवून घ्या' हा उपदेश केला आणि त्यास शहाणपण समजत आलो. माणसांनी माणसांशी जुळवून घ्यावे हे खरेच; त्यावाचून एकत्र कुटुंब एक दिवस चालणार नाही. परंतु जी वस्तू, जी व्यवस्था मुळातच बसत नाही, तिचा चटका धाकट्याने मुकाट्याने सोसावा, हे जुळवून घेणे नव्हे. यास्काचार्यांनी 'हस्तघ्न' शब्दाचा अर्थ हातावर राहून ज्यास आघात होतो तो, असा लाविला आहे. व्याकरणाच्या वाटेने 'हाताचा घात करणारा' असाही अर्थ निघू शकेल. वडीलधारी मंडळी यांपैकी कोणत्या अर्थाने घरात वावरतात, हे त्यांनी स्वतःच तपासावे.

रजा संपण्यापूर्वी पुतण्याचा अर्ज मीच लिहिला. माझा पहिला मसुदा दोन पृष्ठांचा झाला. त्याने खोडून चार ओळींवर आणला. दिवाळीपूर्वी त्याचा फोन आला. मूळ कारखान्याचा जोड मिळाला होता, आणि तो डुलत नव्हता.

त्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मी वहिनींस व सुनेस विचारले, "या घरात आणखी काय काय डुलते आहे, ते सांगा." मी लेखणी घेऊन बसलो होतो. यादी लहान झाली नाही.