मामाच्या कानातलं प्लॅटिनम

सिस्प्लॅटिन हे औषध शोधायला कुणी गेलंच नव्हतं. 1960 च्या दशकात मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत बार्नेट रोझेनबर्ग ई. कोलाय जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते बघत होते. करंट चालू केला की जिवाणूंचं विभाजन थांबायचं आणि ते नुसते लांबत जायचे, नेहमीच्या तीनशे पटीपर्यंत. असं काही दिसलं की आम्ही सॉफ्टवेअरवाले आधी टेस्ट सेटअपवर संशय घेतो. इथेही गुन्हेगार वीज नव्हतीच. इलेक्ट्रोड प्लॅटिनमचे होते, सहसा कशाशी अभिक्रिया न करणारा धातू म्हणून निवडलेले. तेच किंचित विरघळून द्रावणातल्या अमोनियम क्लोराइडशी संयुगं बनवत होते. त्यातलं कामाचं संयुग मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने 1840 च्या दशकातच तयार केलं होतं. औषध म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, इतकंच.

एक प्लॅटिनम, दोन अमोनिया, दोन क्लोरीन. रक्तात क्लोराइड भरपूर, म्हणून क्लोरीन बहुतांशी जागेवर राहतात. पेशीत क्लोराइड कमी, तिथे ते सुटतात आणि मोकळा झालेला प्लॅटिनम डीएनएमधल्या शेजारच्या दोन ग्वानिनना पकडतो. शिडी वाकते. दुरुस्ती जमली नाही तर पेशी मरते. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दोन्ही क्लोरीन एकाच बाजूला हवेत. समोरासमोर असले, तर अणू तेच, पण औषध जवळजवळ निकामी.

1978 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याआधी इंडियानात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर औषधांसोबत वापरलं आणि पसरलेला वृषणाचा कॅन्सर बरा होऊ लागला. युवराज सिंग उपचारांसाठी गेला ते याच आइनहॉर्नकडे.

माझ्या मामाला घशाचा कॅन्सर झाला (तंबाखू, दुसरं काय), तेव्हा रेडिएशनसोबत हेच दिलं. किडनी वाचावी म्हणून सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या. कानांना असं वाचवता येत नाही. आतल्या कानात प्लॅटिनम वर्षानुवर्षं राहतं आणि मेलेल्या केसपेशी परत उगवत नाहीत. आधी जातात ते बारीक, चिरके आवाज. मामाला ‘स’ आणि ‘श’ ऐकू येत नाहीत. मायक्रोवेव्ह वाजलेला कळत नाही.

सही घेताना डॉक्टरांनी कानांचं सांगितलं होतं. मामाने एवढंच विचारलं, “बोलता येईल ना?”

येतं. सात वर्षं झाली. फोनवर तोच बोलतो, आम्ही काय म्हणालो ते मामी त्याला नंतर सांगते.